जॉर्ज हेरिमन : वर्ण चोरावा लागलेला व्यंगचित्रकार

व्यंगचित्र म्हटले की आमच्या चळवळीतल्या माणसाच्या कपाळावर आधी आठी पडते, आणि त्याला कारण आहे. १९३० आणि १९४० च्या दशकांत देशातील नामांकित वृत्तपत्रांतून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जी व्यंगचित्रे छापून आली, त्यांत विनोद थोडा आणि हिणवणे फार होते. शंकर यांचे १९४९ मधले गोगलगायीचे चित्र अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आले आणि २०१२ मध्ये त्यावरून संसद दणाणली, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९४८ या काळातली अशी शंभरावर चित्रे धुंडाळून २०१९ मध्ये ग्रंथरूपाने समाजापुढे ठेवली. ती एकत्र पाहिली म्हणजे कळते, की कुंचला कोणाच्या हातात आहे यावरच कोणाला खुजे काढायचे हे ठरत असते. प्रस्थापितांच्या वृत्तपत्रांत तो कुंचला आमच्या हातात कधीच नव्हता.

आज आम्ही ज्याच्याविषयी लिहीत आहोत त्याच्या हातात कुंचला होता, मोठ्या भांडवलदाराचे वृत्तपत्र होते, नियमित पगार होता आणि आयुष्यभराची हमी होती. नव्हती ती एकच गोष्ट. आपण कोणाच्या पोटी जन्मलो हे चारचौघांत सांगण्याची सोय!

जॉर्ज जोसेफ हेरिमन हे त्याचे नाव. जन्म २२ ऑगस्ट १८८०, अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहरात. ‘क्रेझी कॅट’ ही त्याची चित्रमालिका १९१३ पासून १९४४ पर्यंत चालली. विसाव्या शतकातल्या इंग्रजी चित्रमालिकांची गुणवत्ता यादी ‘द कॉमिक्स जर्नल’ या नियतकालिकाने १९९९ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा पहिला क्रमांक याच मालिकेला दिला. तो मरण पावला तेव्हा सरकारी कागदावर तो गोरा होता. जन्मला तेव्हाच्या सरकारी कागदावर त्याच्या नावापुढे रंगीत, म्हणजे गोरा नव्हे, असा शिक्का होता. या दोन कागदांमध्ये जे त्रेसष्ट वर्षांचे आयुष्य गेले, त्याची ही कथा आहे.

न्यू ऑर्लिन्समधल्या ज्या समाजात तो जन्मला त्याला क्रिओल म्हणत. फ्रेंच आणि आफ्रिकी रक्ताचे, फ्रेंच बोलणारे, कॅथलिक धर्माचे हे लोक. त्यांच्यातले पुष्कळजण गुलामगिरी कायद्याने चालू असतानाही स्वतंत्र होते. कोणी शिंपी, कोणी गवंडी, कोणी सिगार वळणारे, कोणी मास्तर. हेरिमनच्या घराण्याचा धंदा शिंप्याचा. गोऱ्यांच्या खाली आणि गुलामांच्या वर अशी त्यांची मधली पायरी होती. त्यांच्यातल्या काहींनी स्वतः गुलामही बाळगले होते, ही गोष्टही लपवण्यात अर्थ नाही. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हणून जी उकलून दाखवली ती हीच. प्रत्येकाला आपल्या खाली कोणीतरी आहे याचे समाधान, आणि त्या समाधानापोटी वरच्याची लाथ सोसण्याची तयारी.

पण ही मधली पायरी टिकली नाही. यादवी युद्धानंतर काळ्यांना मते मिळाली, विधिमंडळात त्यांची माणसे गेली. मात्र १८७७ मध्ये केंद्राचे सैन्य दक्षिणेतून हलताच गोऱ्यांनी सारे हिसकावून घ्यायला सुरुवात केली. १८९० मध्ये लुइझियानाने रेल्वेत गोऱ्यांचा डबा वेगळा आणि रंगीतांचा वेगळा असा कायदा केला. आजोबा स्वतंत्र होते की गुलाम, फ्रेंच येते की नाही, हे आता कोणी विचारणार नव्हते. एक थेंब काळ्या रक्ताचा असला की माणूस काळा!

या कायद्याविरुद्ध जे उठले ते याच क्रिओल समाजातले. त्यांनी नागरिकांची समिती स्थापन केली, वर्गणी जमवली. ७ जून १८९२ रोजी होमर प्लेसी नावाचा तरुण ठरवून गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसला. जोडे बनवणे हा त्याचा धंदा. दिसायला तो गोराच होता. आठांतले सात भाग रक्त गोऱ्यांचे. गप्प बसला असता तर कोणी उठवलेही नसते. त्याने आपण रंगीत असल्याचे सांगितले आणि अटक करवून घेतली. १८ मे १८९६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला आणि वेगळे पण समान या ढोंगाला पुढची अठ्ठावन्न वर्षे कायद्याचे कवच मिळाले. लुइझियानाच्या गव्हर्नरने प्लेसीला माफी दिली ती २०२२ मध्ये. माफी कोणी कोणाची मागायची, हा प्रश्न तिथेही कोणाला पडलेला दिसत नाही.

ज्या वर्षी डब्यांचा कायदा झाला त्याच वर्षी, १८९० मध्ये, हेरिमन कुटुंबाने न्यू ऑर्लिन्स सोडले. जॉर्ज दहा वर्षांचा होता. पश्चिम किनाऱ्यावरच्या लॉस एंजेलिसला ते पोचले आणि तिथे गोरे म्हणून राहू लागले. १८८० च्या जनगणनेत म्युलॅटो, म्हणजे मिश्र रक्ताचे, अशी ज्यांची नोंद, त्यांच्याच मुलाची १९०० च्या जनगणनेत गोरा अशी नोंद आहे. वाटेत काही चमत्कार झाला नव्हता. फक्त गाव बदलले, ओळखीची माणसे मागे राहिली आणि विचारणाऱ्याला वेगळे उत्तर मिळू लागले.

बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ च्या कथासंग्रहाने मराठी वाङ्मयाला जो हादरा दिला तो आमच्या पिढ्यांनी अनुभवला आहे. जात चोरणे म्हणजे काय हे आमच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. अमेरिकेत त्या काळी हजारो माणसांनी वर्ण चोरला. ज्यांचा रंग उजळ होता त्यांनाच ते शक्य होते, आणि त्याची किंमत जबर होती. आजीला भेटायला जायचे नाही, सावळा चुलतभाऊ रस्त्यात दिसला तर ओळख दाखवायची नाही, मूल होणार म्हटले की त्याचा रंग काय निघेल या धास्तीत नऊ महिने काढायचे. प्लेसीने रंगाची सवलत नाकारली. हेरिमनच्या बापाने ती घेतली. आमची सहानुभूती दोघांनाही आहे, पण नमस्कार प्लेसीला आहे. आणि दहा वर्षांच्या पोराला तर कोणी विचारलेच नव्हते.

लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज सेंट व्हिन्सेंट या कॅथलिक शाळेत शिकला. बापाला वाटे पोराने धंद्यात यावे. पोराला चित्रांखेरीज काही सुचत नव्हते. १८९७ च्या सुमारास तो ‘लॉस एंजेलिस हेरल्ड’च्या ब्लॉक कोरण्याच्या खात्यात हरकाम्या म्हणून लागला. १९०० मध्ये मालगाडीत चोरून बसून त्याने न्यूयॉर्क गाठले. कोनी आयलंडच्या जत्रेत फलक रंगवत त्याने पोट भरले, मग ‘जज’ या विनोदी साप्ताहिकात चित्रे येऊ लागली आणि १९०१ मध्ये पुलित्झरच्या वृत्तपत्रांत त्याचा शिरकाव झाला.

इथे एका लहानशा चित्रमालिकेपाशी थांबले पाहिजे. फेब्रुवारी १९०२ मध्ये पुलित्झरच्या ‘वर्ल्ड’मध्ये हेरिमनची ‘म्युझिकल मोझ’ नावाची मालिका आली. चालली ती थोडेच दिवस. मोझ हा काळा वादक. पोटासाठी तो दुसऱ्या जमातीच्या माणसाचे सोंग घेतो. एकदा तो स्कॉटिश माणसाचा वेश करून वाजवायला जातो, रंग उघडा पडतो आणि बेदम मार खातो. शेवटी हा रंग उडून जाईल तर बरे, अशा अर्थाचे तो बोलतो. चित्रकला त्या काळच्या रिवाजाची. जाड ओठ, बटबटीत डोळे, काळ्यांची टवाळी करणारी. गोरा वाचक पोट धरून हसला असणार. पण ते चित्र काढणारा एकवीस वर्षांचा पोरगा त्याच वृत्तपत्राच्या कचेरीत स्वतः सोंग घेऊन बसला होता! वर्ण चोरणाऱ्याला मार कसा बसतो, हे त्याने गोऱ्यांच्याच वृत्तपत्रात, विनोद म्हणून छापून आणले. त्याने ते जाणून केले की हात आपोआप तिकडे वळला, याचा निवाडा आम्ही करणार नाही. टवाळीचा तो साचा मात्र त्यानेही वापरला, पुढेही वापरला, आणि हे त्याच्या खात्यावर मांडलेच पाहिजे. सोंग टिकवायचे तर आपल्याच माणसांना हसणाऱ्यांच्या रांगेत उभे राहावे लागते, ही सोंगाची पहिली अट असते.

१९०२ च्या जुलैत लॉस एंजेलिसमध्ये त्याने मेबल ब्रिज या गोऱ्या मुलीशी लग्न केले. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार गोऱ्या माणसाचा निग्रो किंवा म्युलॅटो माणसाशी विवाह बेकायदा होता. म्हणजे त्याचा जन्माचा कागद कोणी न्यू ऑर्लिन्सहून आणून टेबलावर ठेवला असता, तर नोकरी तर गेलीच असती, पण लग्नही रद्दबातल ठरले असते. दोन मुली झाल्या, १९०३ मध्ये मेबल आणि १९०९ मध्ये बार्बरा. त्यांच्या जन्मावरही डाग लागला असता. आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उतारा, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या निबंधात मांडले. वर्णव्यवस्थेचे रखवालदार हे पुरते ओळखून असतात. म्हणूनच त्यांचा पहिला पहारा नेहमी लग्नाच्या मांडवावर असतो. मग तो कॅलिफोर्निया असो की मराठवाड्यातले एखादे गाव.

पुढची काही वर्षे न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस यांच्यामध्ये फेऱ्या मारण्यात गेली. १९०६ पासून तो विल्यम रँडॉल्फ हर्स्ट या वृत्तपत्रसम्राटाच्या ‘लॉस एंजेलिस एक्झामिनर’मध्ये होता. राजकारणावर, खेळावर, मुष्टियुद्धावर रोज चित्र द्यायचे हे काम. मुष्टियुद्धात तेव्हा जॅक जॉन्सन या काळ्या मल्लाचे नाव गाजत होते. डिसेंबर १९०८ मध्ये सिडनीला त्याने जगज्जेतेपद मिळवले आणि गोऱ्या अमेरिकेच्या पोटात गोळा आला. जॉन्सनला लोळवण्यासाठी निवृत्त झालेल्या जेफ्रीजला बोलावून आणले गेले. ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे जॉन्सनने त्याला पार झोपवला, आणि त्या रात्री अनेक शहरांत गोऱ्या जमावांनी काळ्यांवर हल्ले करून माणसे मारली. या लढतीच्या आधीच्या काळात हेरिमनने जॉन्सनवर बरीच चित्रे काढली होती. जॉन्सन आपला रंग मिरवीत रिंगणात उतरत होता आणि रिंगणाबाहेर, वार्ताहरांच्या बाकावर, आपला रंग लपवून एकजण त्याचे चित्र काढीत होता.

कचेरीतल्या मित्रांना हेरिमन नेमका कोण हे कळत नसे. कुरळे केस, सावळट वर्ण. ते त्याला ग्रीक म्हणत. त्यानेही कधी खोडून काढले नाही. कोणी फ्रेंच म्हणाले तर तेही चालत होते. त्याची बहुतेक छायाचित्रे टोपीतली आहेत. घराबाहेर टोपी, घरात टोपी, चित्राच्या मेजावर वाकलेला असतानाही टोपी. केस झाकण्यासाठीच ती होती, असे पुढे अनेकांनी म्हटले. एका जवळच्या मित्रापाशी मात्र एकदा त्याने मन मोकळे केल्याची नोंद आहे. आपण क्रिओल आहोत, आणि केस पाहता आपल्यात काही काळे रक्त असावे, असे तो बोलून गेला होता. आयुष्यभरात एवढाच कबुलीजबाब.

१९१० च्या जूनमध्ये तो पुन्हा न्यूयॉर्कला, हर्स्टच्या ‘इव्हिनिंग जर्नल’मध्ये आला. २० जूनला ‘डिंगबॅट फॅमिली’ ही त्याची नवी मालिका सुरू झाली. भाड्याच्या खोल्यांत राहणारे एक कुटुंब आणि त्यांच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहणारे, कधीही न दिसणारे दुसरे कुटुंब. वरच्यांच्या आवाजाने, पाण्याने, धाकाने खालच्यांचा जीव मेटाकुटीला येतो. पण वरचे दिसत मात्र नाहीत. चित्राच्या तळाशी थोडी मोकळी जागा राही. तिथे हेरिमनने घरातले मांजर आणि एक उंदीर काढायला सुरुवात केली. २६ जुलैला त्या उंदराने मांजराच्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी फेकून मारले. रीनोच्या लढतीला तेव्हा तीन आठवडे झाले होते.

वर न दिसणारे मालक, मध्ये गांजलेले भाडेकरू, आणि सर्वांत खाली, तळाच्या पट्टीत, मार खाणारे काळे मांजर! ३१ जानेवारी १९२० च्या ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. हेरिमनचे मजले आणि बाबासाहेबांचा मनोरा यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण इमारत एकाच नकाशाची आहे.

तळाच्या पट्टीतले ते मांजर वाचकांना इतके आवडले की २८ ऑक्टोबर १९१३ रोजी त्याला स्वतंत्र मालिका मिळाली. ‘क्रेझी कॅट’. त्याच वर्षीच्या जुलैत भीमराव आंबेडकर नावाचा बावीस वर्षांचा विद्यार्थी बडोदा सरकारची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला होता. पुढची तीन वर्षे दोघे एकाच शहरात होते. २३ एप्रिल १९१६ रोजी ‘क्रेझी कॅट’ला आठवड्याचे पूर्ण पान मिळाले, त्यानंतर सोळा दिवसांनी, ९ मे रोजी, बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचला. दोघांची गाठ पडली होती असे आम्ही मुळीच म्हणत नाही. एकाच शहरात, एकाच सुमारास, एकजण जन्माने लादलेल्या उतरंडीची शास्त्रीय चिरफाड करीत होता आणि दुसरा ती उतरंड मांजर-उंदराच्या गोष्टीत गुंडाळीत होता, एवढेच आम्हाला नोंदवायचे आहे.

काय आहे ही मालिका? अॅरिझोनाच्या वाळवंटातला कोकोनिनो परगणा. क्रेझी हे काळे मांजर. ते नर की मादी हे हेरिमनने कधी ठरू दिले नाही. इग्नाट्झ हा गोरा उंदीर. क्रेझीचा इग्नाट्झवर जीव. इग्नाट्झला क्रेझी डोळ्यांसमोर नको, म्हणून तो रोज एक वीट तिच्या डोक्यात हाणतो. वीट लागली की क्रेझीला ती प्रेमाची खूण वाटते. पप नावाचा कुत्रा हा तिथला पोलीस. त्याचा क्रेझीवर जीव, म्हणून तो इग्नाट्झला तुरुंगात टाकतो. कोलिन केली नावाचा आणखी एक कुत्रा विटा पाडून विकतो. झाले! एवढ्या भांडवलावर एकतीस वर्षे. भोवतालचे डोंगर एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाताना झाड होतात, दिवसाची रात्र होते. सगळे हलते, पालटते; वीट तेवढी चुकत नाही. भाषा तर विचारू नका. न्यू ऑर्लिन्सची क्रिओल, न्यूयॉर्कच्या गल्लीतली, स्पॅनिश, यिडिश सगळी घुसळून केलेली. शुद्धलेखनाच्या सोवळ्याला तिने कधी जुमानले नाही.

काही चित्रांत तर त्याने गुपित जवळजवळ उघडेच केले. एकदा क्रेझी सौंदर्यप्रसाधनाच्या दुकानात जाते आणि पांढरी होऊन बाहेर येते. इग्नाट्झ तिला पाहतो आणि चक्क प्रेमात पडतो! माणूस तेच, रंग बदलला. कातडीखाली तीच क्रेझी आहे हे कळताच पुन्हा वीट. दुसऱ्या एका चित्रात उंदीर काजळीने काळा होतो, तेव्हा क्रेझीच त्याला ओळखत नाही. तिचे मन जडले आहे ते गोऱ्या उंदरावर. गुलामाच्या मनातही मालकाच्या रंगाची ओढ कशी घर करते, हे एवढ्या थोड्या रेषांत दाखवणारे दुसरे चित्र आम्हाला ठाऊक नाही.

आमच्यातले काही मित्र म्हणतील, वीट खाऊन तिला प्रेम समजणारे हे मांजर आमच्या काय कामाचे? आक्षेप रास्त आहे. चवदार तळ्यावर डोकी फुटली तेव्हा आमच्या माणसांनी त्या दगडांना प्रेम म्हटले नव्हते. क्रेझीला आम्ही आदर्श मानावे असे त्यात काहीच नाही. पण क्रेझी म्हणजे हेरिमन, असा सरळ हिशेबही करता येत नाही. वीट मारणारा तोच काढतो, पकडणारा तोच, तुरुंग तोच बांधतो. लपून जगणाऱ्या माणसाला मारणाऱ्याच्या डोक्याने विचार करता यावा लागतो, पोलिसाच्या डोळ्यांनी स्वतःकडे पाहता यावे लागते. तिन्ही पात्रे त्याच्याच डोक्यात राहत होती, असे आम्हाला वाटते. शिवाय त्या तिघांपैकी जो हिंसा करतो त्याच्या नावाने कोणी टाळ्या वाजवाव्यात, अशी सोय हेरिमनने कधी केली नाही. गोऱ्यांच्या पैशावर चालणाऱ्या वृत्तपत्रात हेही सोपे नव्हते.

हर्स्टचेही सांगायला हवे. आशियाई लोकांविरुद्ध पीतसंकटाची आवई उठवणारी, वर्णद्वेषावर खप वाढवणारी वृत्तपत्रे त्याची. आणि त्याच माणसाला ‘क्रेझी कॅट’ मनापासून आवडे! संपादक कुरकुरत, वाचकांना समजत नाही म्हणत. हर्स्ट ऐकत नसे. १९२२ मध्ये मांजरावर जॉन अल्डन कार्पेंटरने नृत्यनाट्य रचले, १९२४ मध्ये गिल्बर्ट सेल्डेस या समीक्षकाने आपल्या ग्रंथात त्यावर अख्खे प्रकरण लिहून अमेरिकेतली अस्सल कला म्हणून तिचा गौरव केला. विद्वान मंडळींत नाव झाले तरी छापणारी वृत्तपत्रे कमी कमी होत गेली. शेवटी ती ३५ च्या आसपास उरली. मालकाच्या लहरीवर तगलेली ही मालिका होती. ती लहर एका काळ्या माणसाच्या चित्रांवर आहे हे हर्स्टला कळते तर काय झाले असते? उत्तर अमेरिकेतल्या तेव्हाच्या वृत्तपत्र कचेऱ्या पाहिल्या की मिळते. मोठ्या गोऱ्या वृत्तपत्रांच्या चित्रखात्यात काळ्यांना जवळजवळ थाराच नव्हता.

बाबासाहेबांनाही एकदा दुसऱ्याचे नाव लावावे लागले होते. सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा एवढे शिकलेल्या माणसाला शहरात कोणी खोली देईना. पारशांच्या उतारूगृहात पारशी नावाने त्यांची नोंद झाली. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले. बाबासाहेब सामान घेऊन बाहेर पडले आणि कमाठी बागेत जाऊन रडले, हे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. अकरा दिवस! हेरिमनने तेच चोपन्न वर्षे केले. अकराव्या दिवसाची लाठी चोपन्न वर्षांत कुठल्याही सकाळी दारात येऊ शकत होती. बाबासाहेबांनी त्यानंतर नाव लपवण्याची वाट सोडली आणि सगळ्या समाजाला नाव मिळवून देण्याची वाट धरली. ती वाट चालण्यासाठी मागे समाज उभा लागतो, संघटना लागते. हेरिमनने समाज दहाव्या वर्षीच मागे टाकला होता. तो एकटा होता.

आणि आमच्याकडे हे संपले आहे असे कोणी समजू नये. मुंबई-पुण्यात भाड्याची जागा पाहायला गेलेला आमचा शिकलेला पोरगा आडनाव सांगताना आजही क्षणभर अडखळतो. गावाच्या नावावरून आडनाव घेतलेली, भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर पाहुणे येताना आतल्या खोलीत नेणारी घरे आम्ही पाहिली आहेत. चळवळीच्या व्यासपीठावरून त्यांच्यावर सरसकट आसूड ओढण्याची आमच्यात रीत आहे. ती आम्हाला पटत नाही. घरमालकाला प्रश्न विचारण्याआधी भाडेकरूला विचारण्यात कसला आला पराक्रम?

१९२२ पासून हेरिमन पुन्हा लॉस एंजेलिसलाच राहिला. हॉलीवूडच्या टेकड्यांवर त्याचे घर होते. त्या काळी या शहरातल्या चांगल्या वस्त्यांच्या खरेदीखतांत काळ्यांना जागा विकायची नाही, अशी अट सर्रास घातली जाई. मन रमायचे ते मात्र अॅरिझोनात. नावाहो आदिवासींच्या मुलखात, केयेंटा आणि मॉन्युमेंट व्हॅलीच्या तांबड्या खडकांत तो वर्षानुवर्षे जात राहिला. नावाहोंच्या घोंगड्यांवरची, मडक्यांवरची नक्षी त्याच्या पानाच्या किनारीवर उतरली. जिथे गोरेही बाहेरचे आणि काळेही बाहेरचे, तिथेच त्याला मोकळा श्वास घेता आला असावा.

१९३१ मध्ये पत्नी गेली. १९३९ मध्ये धाकटी मुलगी बार्बरा अवघ्या तिसाव्या वर्षी गेली. उतारवयात तो एकाकी झाला, सांधे दुखत, रेषा खरखरीत झाली. पण १९३५ पासून रंगीत छापल्या जाणाऱ्या त्या पानावरचे आकाश तेवढेच वेडेविद्रे आणि सुंदर राहिले. २५ एप्रिल १९४४ रोजी तो मरण पावला. शेवटचे पान दोन महिन्यांनी, २५ जूनला छापून आले. त्यात पप पोलीस पाण्यातून क्रेझीला उचलून आणतो. त्या पानात वीट नाही. हर्स्टने दुसरा चित्रकार न नेमता मालिका बंद केली. हेरिमनची राख त्याच्या इच्छेप्रमाणे मॉन्युमेंट व्हॅलीत विखुरली गेली.

मृत्यूच्या दाखल्यावर वर्ण गोरा, बापाचा जन्म पॅरिसचा आणि आईचा अल्सेस-लोरेनचा असे लिहिले आहे. मुलीने दिलेली ती माहिती. चार वर्षांनी, १९४८ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो विवाहबंदीचा कायदा मोडीत काढला आणि त्याच वर्षी खरेदीखतांतल्या वर्णभेदी अटी न्यायालयांना राबवता येणार नाहीत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. साऱ्या देशात मिश्रविवाह कायदेशीर व्हायला १९६७ उजाडले.

१९७१ मध्ये आर्थर आसा बर्गर हे समाजशास्त्रज्ञ एका चरित्रकोशासाठी हेरिमनवर टिपण लिहीत होते. त्यांनी न्यू ऑर्लिन्सच्या आरोग्य खात्याकडून जन्माचा दाखला मागवला आणि त्यावरचा शिक्का पाहून चकित झाले. पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही, लिपिकाची चूक असेल म्हणाले. मोठा कलावंत काळा निघाला की आधी कारकुनावर संशय जातो. १९७२ मध्ये इश्मेल रीड या कृष्णवर्णीय लेखकाने आपली ‘मम्बो जम्बो’ ही कादंबरी ज्यांना अर्पण केली त्यांत हेरिमनचे नाव घातले आणि त्याच्यापुढे तो आफ्रिकी-अमेरिकी होता असे स्पष्ट छापले. पुढे न्यू ऑर्लिन्सचे लेखक मायकेल टिसरँड यांनी चर्चमधल्या नोंदी, जनगणनेची पाने आणि जुनी वृत्तपत्रे उपसून २०१६ मध्ये त्याचे मोठे चरित्र प्रसिद्ध केले, आणि शिंप्याच्या त्या घराण्याचा धागा लॉस एंजेलिसपासून उलटा न्यू ऑर्लिन्सपर्यंत जोडून दिला.